बारा हजारांत घरगुती सबवूफर: आधी बॉक्सची जागा मोजा, मग ड्रायव्हर घ्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. चिंचवडला वन बीएचके फ्लॅट, हॉल १० बाय १४ फूट. एक छोटा स्टीरिओ ॲम्प आणि दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत, त्यांना खालचा बेस नाही, म्हणून घरीच सबवूफर करायचाय. सगळं धरून बजेट १२,००० रुपये. समोर तीन पर्याय आहेत. एक, गाडीत लावायचा १२ इंची सबवूफर, त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर '१४०० वॅट' छापलंय. दोन, १० इंची ८ ओहमचा घरगुती वूफर, वॅट कमी पण डेटाशीट पूर्ण मिळते. तीन, बंद पडलेल्या होम थिएटरमधले ८ इंची दोन वूफर, ते फुकटच आहेत. यातला कुठला घ्यायचा, आणि बॉक्स बंद ठेवायचा की पोर्टचा (हवा आतबाहेर जायला पाइप असलेला), असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधीच सांगतो. मी १० इंची घेतला असता आणि तीसेक लिटरच्या बंद बॉक्समध्ये बसवला असता. पण हे उत्तर तुमच्या हॉलला, तुमच्या बजेटला आणि तुम्ही पाठवलेल्या आकड्यांना धरून आहे. यातलं काही बदललं तर उत्तरही बदलेल, म्हणून हिशेब सविस्तर लिहितोय. बावीस वर्षं पुण्यात स्पीकरचे बॉक्स बांधतोय. सगळ्यात जास्त पैसे वाया गेलेले मी एकाच ठिकाणी पाहिलेत: ड्रायव्हर, म्हणजे नुसता वूफर, आधी विकत घेतला, बॉक्स कुठे बसणार याचा विचार नंतर केला.

कारण हे दोन निर्णय वेगळे नाहीतच. वूफरचा कोन (समोरचा शंकूसारखा पडदा) मागेपुढे हलतो तेव्हा बॉक्समधली हवा दाबली जाते आणि सुटते, म्हणजे ती स्प्रिंगचं काम करते. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी एआर-१ हा स्पीकर काढला तो याच तत्त्वावर: ड्रायव्हरचं स्वतःचं सस्पेन्शन (कोनाला धरून ठेवणारा लवचीक भाग) मुद्दाम ढिलं ठेवायचं आणि बंद बॉक्समधल्या हवेलाच स्प्रिंग करायचं. त्याआधी चांगल्या बेससाठी कपाटाएवढे बॉक्स लागायचे. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला याचं गणित इतकं नीट बसवलं, की चार-पाच आकड्यांवरून ड्रायव्हर कुठल्या बॉक्समध्ये कसा वाजेल हे लाकूड कापण्याआधीच सांगता येतं. डेटाशीटवर 'थिएल-स्मॉल पॅरामीटर' म्हणून जो तक्ता असतो तो हाच. ज्या ड्रायव्हरबरोबर हा तक्ता मिळत नाही, तो स्वस्त असला तरी मी घेत नाही. घेतलाच तर स्वतः मोजल्याशिवाय बॉक्स करत नाही.

आणखी एक नियम डोक्यात पक्का ठेवा. जोसेफ हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. खोल बेस, लहान बॉक्स आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी दोनच एका वेळी मिळतात, तिसरं सोडावं लागतं. बाजारातल्या ज्या जाहिरातीत तिन्हींचं वचन असतं, तिथे यातलं काहीतरी नक्की खोटं असतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने कुठलं सोडावं? माझ्या मते तिसरं. बॉक्स लहान हवाच आहे, खोल बेस हाच तर सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे, आणि ॲम्पचे वॅट हल्ली त्यामानाने स्वस्त झालेत.

आता तक्त्यातले चार आकडे. एफएस म्हणजे ड्रायव्हर मोकळा धरला तर तो स्वतःहून ज्या फ्रीक्वेन्सीला सगळ्यात सहज हलतो ती. क्यूटीएस म्हणजे त्या हलण्यावर मॅग्नेट आणि सस्पेन्शनचा ताबा किती. आकडा लहान म्हणजे ताबा घट्ट, मोठा म्हणजे सैल. व्हीएएस म्हणजे जेवढ्या हवेची स्प्रिंग ड्रायव्हरच्या सस्पेन्शनइतकी ताठ, तेवढे लिटर. आणि एक्समॅक्स म्हणजे कॉइल एका बाजूला किती मिलिमीटर जाईपर्यंत आवाज शुद्ध राहतो. बंद बॉक्सचं गणित शाळेतल्या वहीत मावेल इतकं सोपं आहे. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा. त्या वर्गमुळाने एफएसला गुणलं की बॉक्समध्ये बसल्यावरची फ्रीक्वेन्सी मिळते, आणि क्यूटीएसला गुणलं की बॉक्समधला क्यू. हा बॉक्समधला क्यू ०.७ च्या आसपास आला तर बेस सपाट आणि आटोपशीर. तो १ च्या पुढे गेला की एकच सूर फुगतो आणि ठोका संपल्यावरही रेंगाळतो. आपण ज्याला 'घुमतोय' म्हणतो ते यातूनच येतं.

हे गणित आधी कारच्या १२ इंचीला लावू. तुम्ही पाठवलेले आकडे: एफएस ३८, क्यूटीएस ०.६५, व्हीएएस ४० लिटर. चाळीस लिटरचा बंद बॉक्स केला तर भागाकार १, त्यात १ मिळवून २, वर्गमूळ १.४१. म्हणजे बॉक्समध्ये तो ५४ हर्ट्झला येतो आणि क्यू होतो ०.९२. दुकानात कारसाठी जे तयार बॉक्स मिळतात ते याहून लहान असतात. २५ लिटर धरले तर क्यू १.०५ आणि फ्रीक्वेन्सी ६१. उलट नेमका ०.७०७ चा क्यू हवा असेल तर बॉक्स निघतो २१८ लिटरचा, म्हणजे एका दाराच्या फ्रीजएवढा. हा ड्रायव्हर वाईट आहे असं नाही, तो गाडीसाठी केलेला आहे. गाडीची बंद केबिन लहान असते, तिच्यात खालचे सूर आपोआप उचलले जातात, म्हणून ज्याचा आवाज असा वरूनच उतरायला लागतो तो ड्रायव्हर तिथे बरोबर बसतो. तुमच्या हॉलमध्ये ती मदत तेवढी मिळत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. १२ इंची कोनाचं क्षेत्रफळ ४८० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं, १० इंचीचं ३३० च्या. कारच्या त्या ड्रायव्हरचा एक्समॅक्स खरोखर ९-१० मिलिमीटर असेल आणि तुमच्याकडे डीएसपी (सिग्नल हवा तसा घडवणारा डिजिटल बोर्ड) असेल, तर इक्वलायझरने त्याचा आकार सुधारून तो १० इंचीला मागे टाकेल. पण त्याच्या कागदावर एक्समॅक्स दिलेलाच नाही, आणि डीएसपीला बजेटमध्ये जागा नाही.

'१४०० वॅट' या आकड्याकडे तर पाहूच नका. तो बहुधा क्षणिक कमाल मर्यादेचा असतो. त्यावरून फार तर कॉइल कधी जळेल याचा अंदाज येतो, बेस किती येईल याचा नाही. बेस येतो हवा हलवण्यातून. कोनाचं क्षेत्रफळ गुणिले एक्समॅक्स, हा खरा साठा. आणि खाली जाल तसा तो साठा भराभर संपतो: फ्रीक्वेन्सी निम्मी केली तर तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. तुमच्या १० इंचीचा एक्समॅक्स ७ मिलिमीटर आहे. जमिनीवर ठेवून एक मीटरवर तो ६० हर्ट्झला साधारण १०७ डेसिबल देऊ शकतो, ४० ला १००, आणि ३० ला ९५. घरातल्या ऐकण्यासाठी हे आकडे चांगलेच आहेत, पण पायरी किती उंच आहे ते दिसतं. "वीस हर्ट्झपर्यंत जातो" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, किती डेसिबलला?

याच हिशेबात जुने ८ इंची दोन बसवू. दोघांचं मिळून क्षेत्रफळ ४३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे कागदावर १० इंचीपेक्षा जास्त. पण होम थिएटरमधल्या अशा वूफरचा सराउंड (कोनाच्या कडेची लवचीक रिंग) आणि कॉइल पाहिली तर ४ मिलिमीटरच्या पुढे मी भरवसा ठेवत नाही. ४३० गुणिले ०.४ म्हणजे १७२ घनसेंटिमीटर, तर एका १० इंचीचे ३३० गुणिले ०.७ म्हणजे २३१. दोन मिळूनही एकाला पुरत नाहीत. शिवाय त्यांचे बाकीचे आकडे माहीत नाहीत.

आता १० इंची. एफएस ३०, क्यूटीएस ०.४४, व्हीएएस ६२ लिटर, सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल) ८७. हे आकडे एकमेकांशी जुळतातही. एफएस, व्हीएएस आणि विद्युत क्यू (तक्त्यातला क्यूईएस) यांच्यावरून सेन्सिटिव्हिटी काढून पाहिली तर ८७.३ येते. खोट्या डेटाशीटमध्ये हा मेळ बहुतेक वेळा बसत नाही, म्हणून मी हे नेहमी तपासतो. ४५ लिटरच्या बंद बॉक्समध्ये क्यू ०.६८ आणि फ्रीक्वेन्सी ४६ हर्ट्झ. ३० लिटरमध्ये क्यू ०.७७ आणि ५२.५ हर्ट्झ. बघताक्षणी वाटेल की मोठा बॉक्स बराच खाली जातोय. पण पूर्ण आलेख काढला तर दोन्हींचा आवाज ३ डेसिबलने पडतो तो जवळपास एकाच ठिकाणी, ४८-४९ हर्ट्झला. ३० हर्ट्झला दोघांत फरक आहे जेमतेम सव्वा डेसिबलचा. म्हणजे हॉलमधली पंधरा लिटर जागा जास्त अडवून सव्वा डेसिबल मिळतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना "मोठा बॉक्स म्हणजे मोठा बेस" हे सूत्र पाठ असतं. अशा ड्रायव्हरच्या बाबतीत ते ठरावीक मर्यादेपर्यंतच खरं आहे. म्हणून ३०.

मग पोर्ट का नको? पोर्टचा मोह मला समजतो. ६० लिटरचा बॉक्स ३० हर्ट्झला ट्यून केला, म्हणजे पाइपमधली हवा त्या फ्रीक्वेन्सीला सगळ्यात जोरात डोलेल असा केला, तर हाच ड्रायव्हर तीसच्या आसपासपर्यंत सपाट वाजेल आणि त्या भागात कोन कमी हलेल. कागदावर हा पर्याय सरळसरळ वरचढ आहे. पण प्रत्यक्ष बांधायला घेतलं की काय होतं ते सांगतो. पोर्टसाठी प्लंबिंगचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्यायचा, आतला व्यास १०.४ सेंटिमीटर धरा. ६० लिटर आणि ३० हर्ट्झला त्याची लांबी येते ४० सेंटिमीटर. ड्रायव्हर, पाइप आणि आतल्या आधारपट्ट्यांची जागा मिळवली की आतून ६८ ते ७० लिटर लागतात, म्हणजे बाहेरून ४५ सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा. त्याची आतली खोली ४१ सेंटिमीटर, आणि पाइप ४० चा. पाइपच्या आतल्या तोंडासमोर निदान त्याच्या व्यासाएवढी मोकळी जागा हवी, ती इथे नाही. मग एल्बो लावा, नाहीतर बॉक्स उभट करा. कुणी म्हणेल, ७५ मिलिमीटरचा पाइप घेऊ, त्याची लांबी सोळाच सेंटिमीटर येते. खरं आहे, पण तेवढ्या लहान तोंडातून एवढी हवा गेली की फुसफुस ऐकू येते. पोर्टमधल्या हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत ठेवावा असं आम्ही धरतो, आणि सिनेमाच्या एखाद्या स्फोटाला लहान पाइप ते सहज ओलांडतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ट्यूनिंगच्या खाली पोर्टच्या बॉक्समध्ये कोनाला मागून हवेचा आधार उरत नाही. २० हर्ट्झचा एखादा जोरदार आवाज आला की कोन सैरावैरा हलतो आणि कॉइल मागच्या प्लेटवर आपटते. त्यासाठी ॲम्पच्या आधी सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) लागतो, आणि स्वस्त बोर्डांवर तो बहुधा नसतो. बंद बॉक्समध्ये हवेची स्प्रिंग खालपर्यंत सोबत करते. मापात दोन लिटरची चूक झाली तरी बंद बॉक्स ती पोटात घेतो, पोर्टचा घेत नाही. पहिल्याच बांधणीसाठी माझी पसंती बंद बॉक्सला आहे ती या सगळ्यामुळे.

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः हे उलटं केलं होतं. मिरवणुकीत वाजतात तसल्या, सांगली-कोल्हापूरकडे ज्याला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात त्या सेटअपमध्ये लागणाऱ्या जातीचा १२ इंची वूफर एका दुकानातून आणला. दुकानदार म्हणाला होता, बेस छातीत बसेल. ७५ चा पाइप टाकून मोठा पोर्टचा बॉक्स केला. ढोलाचा ठोका जबरदस्त यायचा, पण बेस गिटारच्या सगळ्यात खालच्या तारेचा सूर, जो ४१ हर्ट्झला असतो, तो जवळजवळ गायब. पुढे मोजायला शिकलो तेव्हा कळलं, त्या वूफरचा एफएस ५२ होता आणि एक्समॅक्स अगदी थोडा. मोकळ्या मैदानात हजार माणसांपर्यंत पोचायला तो ड्रायव्हर उत्तम आहे. कमी वॅटमध्ये प्रचंड आवाज देतो, पण त्यासाठी खोल बेस सोडतो. हॉफमनचा नियम मला असा पैसे घालवून कळला, म्हणून तुम्हाला आधीच सांगतोय.

खोलीबद्दल थोडं. बंद बॉक्सचा आवाज ४८ हर्ट्झला पडायला लागतो हे ऐकून मन खट्टू होऊ देऊ नका. ते मोकळ्या जागेचं गणित आहे. ३० हर्ट्झच्या लाटेची लांबी ११ मीटरहून जास्त असते, ती तुमच्या हॉलमध्ये मावतच नाही. अशा वेळी खोली स्वतःच प्रेशर कुकरसारखी वागते आणि खालचे सूर थोडे उचलते. बंद बॉक्सचा हळूहळू उतरणारा आलेख आणि खोलीची ही मदत एकमेकांना छान जुळतात. आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या भिंती ताठ असल्याने बेस बाहेर कमी सुटतो, हा आपला फायदा. मात्र गॅलरीचं दार उघडं असेल किंवा हॉल-किचन एकच असेल तर ही मदत बरीच घटते. आणि त्याच ताठ भिंतींचा तोटाही आहे. १४ फुटांच्या लांबीमुळे ४० हर्ट्झला आणि १० फुटांच्या रुंदीमुळे ५६ हर्ट्झला तुमच्या हॉलमध्ये आवाज कुठे फुगेल, कुठे नाहीसा होईल. ५४-६१ हर्ट्झला स्वतःच फुगणारा कारचा वूफर तिथे नको म्हणालो त्याचं आणखी एक कारण हे.

इथवरचं थोडक्यात: हवा हलवण्याचा साठा १० इंचीकडे पुरेसा आहे, त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो, ३० लिटरचा बंद बॉक्स त्याला नेमका बसतो, आणि उरलेलं काम खोली करते. तुमचा मुख्य उपयोग सिनेमा असेल, हॉल दुप्पट मोठा असेल आणि ४५ सेंटिमीटरचा ठोकळा घरच्यांना चालणार असेल, तर मात्र मी सबसॉनिक फिल्टरसह पोर्टच सुचवला असता.

ॲम्पमध्ये लोक फार फसतात, म्हणून इथे थांबतो. बाजारात टीपीए३११६ चिपचे '१०० वॅट'चे बोर्ड मिळतात आणि सोबत २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा सप्लाय) देतात. चिप चांगली आहे, पण वॅट ठरतात व्होल्टेज आणि ओहमवरून. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. २४ व्होल्टवर ८ ओहमला कमाल ३६ वॅट, त्यापुढे कुठलीच जादू नाही. तोच ड्रायव्हर ४ ओहममध्ये मिळत असेल तर ७२ वॅट. म्हणून दुकानात आधी विचारा, ४ ओहमचा आहे का. असेल तर तो घ्या, पण त्याची डेटाशीट वेगळी असते, त्यावरून बॉक्सचं गणित पुन्हा करा. ८ ओहमचाच मिळाला तर टीपीए३२५५ चा बोर्ड आणि ३६ व्होल्टचा सप्लाय घ्या, ८० वॅट मिळतात. टीडीए७२९४ चा ट्रान्सफॉर्मरवाला बोर्डही चालेल, त्याला हीटसिंक मात्र भरपूर द्या. १०० वॅटच्या पुढे जाऊ नका, कारण ४० हर्ट्झला १०० वॅटच्या आतच हा ड्रायव्हर एक्समॅक्सला पोचतो. पुढचे वॅट फक्त कॉइल तापवतील.

तुमच्या स्टीरिओ ॲम्पला सबवूफरचं आउटपुट आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर हेडफोन किंवा प्री-आउटमधून सिग्नल घेऊन लो-पास फिल्टरच्या (फक्त खालचे सूर पुढे सोडणाऱ्या) बोर्डला द्या, आणि फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून कानाने जुळवा. स्पीकरच्या तारेवरून सिग्नल काढायचा विचार असेल तर एक सावधगिरी घ्या: छोट्या क्लास-डी ॲम्पमध्ये बहुतेक वेळा स्पीकरचा काळा टर्मिनल ग्राउंड नसतो. तो फिल्टरच्या ग्राउंडला जोडला तर ॲम्प जाऊ शकतो.

पैसे मी असे वाटले असते: ड्रायव्हरला पाच हजारांपर्यंत, ॲम्प, सप्लाय आणि फिल्टर मिळून साडेतीन, लाकूड आणि कटिंग दोन, टर्मिनल, वायर, गॅस्केट (ड्रायव्हरखाली लावायची पट्टी) आणि बॉक्सच्या आत भरायच्या सामानाला एक हजार. उरलेले पाचशे हातात ठेवा, काहीतरी विसरलेलं असतंच. ड्रायव्हर पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघायला जाणार असाल तर डेटाशीट छापून न्या आणि मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा.

लाकूड १८ मिलिमीटरचं, एमडीएफ किंवा चांगला प्लाय. एमडीएफ कापायला सोपा, कडा सरळ येतात, पण पाण्याशी त्याचं वैर आहे. कोकणात मी एमडीएफचे बॉक्स एका पावसाळ्यात कडेने फुगलेले पाहिलेत, त्यामुळे तिकडे प्लायच सांगतो. चिंचवडला एमडीएफ चालेल, सगळ्या बाजूंनी सीलर लावा. ३० लिटर निव्वळ हवे असतील तर ड्रायव्हरचे अडीच लिटर धरून आतून ३२ सेंटिमीटरचा घन, बाहेरून साडेपस्तीसचा. समोरची फळी दुहेरी करायची झाली तर जास्तीची फळी बाहेरून लावा, म्हणजे आतलं माप बिघडणार नाही. आठ बाय चारच्या शीटचा तिसरा हिस्साही लागत नाही. दुकानातच मशीनवर कापून घ्या. घरी करवतीने कापलेल्या कडा जुळत नाहीत, आणि बंद बॉक्समध्ये फट म्हणजे गळती. समोरासमोरच्या दोन फळ्यांना जोडणारी एक आधारपट्टी आत टाका.

सुताराकडून करून घेणार असाल तर त्याला एकच गोष्ट बजावून सांगा: हे कपाट नाही, आत हवा कोंडायची आहे. भुसा आणि फेविकॉलने बाहेरून बुजवलेली फट दिसायला छान दिसते, पण काही महिन्यांत सुकून सुटते. प्रत्येक सांध्याला आतून फेविकॉलचा भरपूर थर हवा. ड्रायव्हरखाली दारांना लावतात ती फोमची पट्टी गॅस्केट म्हणून चालते. आत उशीत भरतात ते रेक्रॉन सैलसर भरा, साधारण अर्धा किलो. त्याने बॉक्स दहा-एक टक्के मोठा असल्यासारखा वागतो. कापूस नको, तो दबतो आणि ओल धरतो. सगळं झाल्यावर कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सरळ, हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश परतला तर बॉक्स बंद आहे. झटकन परतला तर कुठेतरी गळतंय. मग मंद सूर लावून कडांवरून उदबत्ती फिरवा, धूर जिथे थरथरेल तिथे फट.

ठेवायचा कुठे हे आधी ठरवू नका. सबवूफर तुमच्या सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा आणि बेसची एकच संथ ओळ असलेलं गाणं लावा. मग जिथे जिथे तो ठेवणं शक्य आहे तिथे खाली बसून ऐका. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात ती त्याची जागा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात दोन हजारांनी महागड्या ड्रायव्हरपेक्षा याने जास्त फरक पडतो. कोपऱ्यात बेस सगळ्यात मोठा येतो, सगळ्यात चांगला येतोच असं नाही. खालच्या मजल्यावरच्यांशीही एकदा बोलून घ्या. रबराचे पाय लावले तर बॉक्सची थरथर फरशीत उतरत नाही, पण हवेतून जाणारा बेस स्लॅब थांबवत नाही. रात्री दहानंतर नॉब खाली करणं एवढंच खरं.

आणि ते दोन ८ इंची टाकून देऊ नका, त्यांच्यावर मोजायला शिका. ड्रायव्हर मोकळा धरून त्याच्या मालिकेत एक रेझिस्टर लावा, मोबाइलवरून सूर देत जा आणि मल्टीमीटरवर ड्रायव्हरवरचं व्होल्टेज ज्या फ्रीक्वेन्सीला सगळ्यात जास्त येतं ती लिहून घ्या. तो एफएस. मग कोनावर, डस्टकॅपभोवती, मुलांच्या खेळण्यातली क्ले वजन करून गोलाकार चिकटवा, २० ते ३० ग्रॅम. एक-दोन रुपयांची नाणी वापरू नका, ती स्टीलची असतात आणि मॅग्नेटकडे ओढली जाऊन मोजमाप बिघडवतात. एफएस पुन्हा मोजा. समजा आधी ३४ होता आणि ३० ग्रॅम लावल्यावर २९ झाला. ३४ भागिले २९ चा वर्ग करा, १ वजा करा आणि ३० ला त्याने भागा. हलणाऱ्या भागाचं वजन ८० ग्रॅम निघेल. तिथून व्हीएएसपर्यंत जायला कोनाचा व्यास मोजला की पुरतं. तुमचे आकडे आले की इथे टाका, त्या दोघांसाठी बॉक्स काढून देतो. ७० हर्ट्झच्या वरचं काम ते अजून चांगलं करतील, टीव्हीखालच्या साउंडबारला जोड म्हणून.